परत येणारा चेंडू

आनेकेचा फोन येऊन तीन दिवस झाले होते आणि वृंदाने तो पोटात ठेवला होता. रविवारी दुपारी दीर जेवायला आला, पानं मांडली, वरण वाढून झालं, तरी तिचं मन मागेपुढेच करत होतं.

विश्वास युट्रेख्टहून एकटाच आला होता. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता आणि घरात दिवसाला एकच पाहुणा घ्यायचा असा नियम निघाला होता, म्हणून त्याची बायको घरीच राहिली. त्याने दारातच मास्क काढला, हात धुतले आणि अण्णांना लांबूनच नमस्कार केला. अण्णा म्हणजे नीळकंठराव, वृंदाचा नवरा अंबरीश आणि विश्वास यांचे वडील. मागच्या मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी म्हणून आल्मेरेला थोरल्याकडे आले आणि अडकले. आधी विमानं बंद होती, मग विमानं सुरू झाली तर साताऱ्यात साथ वाढली. मे महिन्यात फिरायचे म्हणून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्यांनी सगळा डच हिवाळा काढला होता.

जेवताना अंबरीशचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"दादा, आज एक दिवस नाही गेलास तर?" विश्वासने विचारलं.

"जाऊन येतो की. पाऊण तासाचा तर प्रश्न."

"हाऊसआर्ट्स डॉक्टर काय म्हणाली होती? हृदयाला सूज आहे, रिपोर्ट येईपर्यंत दमायचं नाही."

"पळू नको म्हणाली. मी पळत नाही. उभ्याउभ्या किक मारतो. चाळीस मारतो आम्ही, एकेचाळिसावी नाही."

"आम्ही कोण?"

अंबरीशने ताकाची वाटी तोंडाला लावली. अण्णांनी पोळीचा घास तोडला आणि तो तसाच ताटात ठेवला. वृंदाला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"आनेकेचा फोन आला होता," ती म्हणाली. "गुरुवारी."

आनेके ही अंबरीशच्या संघातल्या मार्टेनची बायको. मार्टेन जाऊन दहा महिने होत आले होते, पण त्याचं नाव निघालं की या घरात अजून कोणीतरी उठून उगाच पाणी पिऊन येई. आताही अंबरीश उठला. नळाखाली पेला धरून पाठमोराच म्हणाला, "काय म्हणत होती?"

"तिच्या वरच्या खिडकीतून मैदान दिसतं. म्हणाली, अंबरीश रोज चार वाजता येतो ते मला माहीत आहे, बरं वाटतं बघून. पण त्याच्याबरोबर जो दुसरा खेळतो, त्याला म्हणावं नऊ नंबरची जर्सी घालू नकोस. क्लबने तो नंबर बंद केलाय. पाठमोरा दिसला की मला मार्टेनच वाटतो."

पेला भरून वाहायला लागला तरी अंबरीशने नळ बंद केला नाही.

"कोण आहे दुसरा?" वृंदाने विचारलं.

"कोणी नाही. मी एकटा असतो."

*

अंबरीशचा हा खेळ घरात कोणालाच कधी नीट समजला नव्हता. अंड्याच्या आकाराचा चेंडू, हाताने झेलायचा, पायाने मारायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. तो मेलबर्नला एमएस करायला गेला, तेव्हा घरमालकाच्या गल्लीतल्या संघाला एका शनिवारी एक माणूस कमी पडला. उंची बघून त्यांनी याला उभा केला, आणि तेव्हापासून हे वेड लागलं. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास भागातल्या एका बँकेत नोकरी लागली. लग्न झालं, वृंदा आली. आल्मेरेत स्वस्तात मोठं घर मिळालं, आणि त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या फळ्यावर त्याला चिठ्ठी दिसली: आल्मेरे हेरन्स, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळाडू हवेत. नऊ-नऊ जणांचे संघ, भाड्याने घेतलेलं रग्बीचं मैदान आणि आठ प्लास्टिकचे खांब. वर्षाला जेमतेम दहा-बारा सामने.

त्याला पुढे ठेवलं, गोल करायला. पहिल्या मोसमात त्याने एक गोल केला. कुठूनही मारायचा, कोणाला चेंडू द्यायचा नाही. सामन्यानंतर गाडीत एक शब्द बोलायचा नाही. वृंदा नवी होती, इथे ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी चिखलाच्या जर्सी धुताना तिला वाटायचं, या माणसाने हा खेळ शिक्षा म्हणून घेतलाय की काय.

मग मार्टेन त्याच्या मागे लागला. मार्टेन बस चालवायचा, आल्मेरे ते अ‍ॅमस्टरडॅम. मैदानात मधे खेळायचा आणि पुढे अंबरीशकडे चेंडू पोचवणं हे त्याचं काम. सराव संपून सगळे निघून गेले की तो खांबांमागे जाऊन उभा राहायचा. अंबरीश मारायचा, हा परत पाठवायचा. चाळीस वेळा. असं तीन वर्षं. आणि चेंडू कधी हातात देणार नाही. दहा पावलं उजवीकडे, कधी डावीकडे, मोकळ्या जागेत. "तिथे कोणी नाही, म्हणून तू तिथे जा," असं म्हणायचा. पाच वर्षांनी अंबरीश संघात सगळ्यांत जास्त गोल करणारा झाला. आठव्या वर्षी अंतिम सामन्यात, समोर खांब मोकळे असताना, त्याने चेंडू बाजूच्या नवख्या मुलाला दिला आणि हेरन्स जिंकले. त्या संध्याकाळी मार्टेनने त्याला उचलून घेतलं होतं. पुढच्या मोसमात तो कर्णधार झाला.

अण्णांना हे वृंदाने एकदा सांगितलं. साताऱ्याच्या शाळेत ते व्यायामशिक्षक होते. "खो-खोच्या संघातून याला मीच काढला होता," ते म्हणाले. "पाठलाग उत्तम करायचा. पण खो द्यायचाच नाही. स्वतःच धावत सुटायचा आणि फाउल. पोटचा पोर म्हणून ठेवला असता तर बाकीची पोरं काय म्हणाली असती? जे मला जमलं नाही ते त्या बसवाल्याने केलं."

*

"हे बघ दादा," विश्वास आता खुर्ची पुढे ओढून बोलत होता, "आनेके दुःखात आहे. तिला काहीही दिसेल. पण तू 'आम्ही' म्हणतोस. वहिनीने मला बोलावलंय ते जेवायला नाही. माझ्या युनिव्हर्सिटीत एक बाई आहेत, फोनवर बोलतात, कोणाला कळणार नाही—"

"मला वेड लागलेलं नाही, विश्वास."

"मी तसं म्हणालो का? पण तू एकटा किक मारतोस म्हणतोस, मग चेंडू आणतो कोण? चाळीस वेळा तू चालत जाऊन आणलास तर पाऊण तासात होतं का?"

अंबरीशने टेबलावर दोन्ही हात ठेवले. "मला कोणी दिसत नाही," तो सावकाश म्हणाला. "चेंडू परत येतो, एवढंच."

"येतो म्हणजे?"

"म्हणजे येतो."

विश्वास हसला, पण ते हसू कुणी पुढे नेलं नाही. त्याने वडिलांकडे पाहिलं. घरात असा प्रसंग आला की अण्णा आणि विश्वास एका बाजूला असत, हे लहानपणापासूनचं होतं. "अण्णा, तुम्ही सांगा याला. तुम्ही जात होतात ना बरोबर, दिवाळीच्या सुमारास?"

"तीन दिवस गेलो," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मग बंद केलं."

"का?"

अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं. "चाळीस वर्षं मी मैदानावर काढली, विश्वास. वाऱ्याने वळलेला चेंडू, बांधावर आपटून आलेला चेंडू आणि माणसाने मारलेला चेंडू, यातला फरक मला डोळे मिटून कळतो. तिसऱ्या दिवशी मला पलीकडचा पाय ऐकू आला. चेंडूवर बसलेला. मी घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. याला अडवलंही नाही. कुणाचं तरी काहीतरी राहिलं असेल, आपण मधे कशाला पडायचं?"

"अण्णा, तुम्हीसुद्धा?" विश्वासचा आवाज चढला. "आणि याच्या हृदयाचं काय? तिकडे पडला एखाद्या दिवशी तर?"

"म्हणूनच आज मी जाते बरोबर," वृंदा म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. अंबरीशने नको म्हणायला तोंड उघडलं, पण ती तोवर कोट घ्यायला उठली होती. तिच्या मनात काय होतं ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्टेनचं काय राहिलं होतं ते तिला ठाऊक होतं, असं तिला दहा महिने वाटत होतं.

*

दोघं सायकलींवरून निघाली. धुकं सकाळपासून उठलंच नव्हतं. कालव्याच्या कडेने जाताना पाणी कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. समोरून एखादी सायकल आली की आधी दिवा दिसे, मग मास्क, मग माणूस. मैदानाच्या फाटकाला नगरपालिकेचा बोर्ड होता, दीड मीटर अंतर ठेवा. क्लबचं दार साखळीने बंद होतं.

गवतावर दवाचा पांढरा थर होता. अंबरीशने बूट बदलले, चेंडू दोन्ही हातांत फिरवला आणि खांबांपासून चाळीसेक पावलांवर जाऊन उभा राहिला. खांब अर्धेच दिसत होते, वरची टोकं धुक्यात गेलेली.

"तू इथेच थांब," तो म्हणाला.

त्याने मारला. चेंडू खांबांच्या मधून गेला आणि दिसेनासा झाला. वृंदा कान देऊन होती. चेंडू पडल्याचा आवाज आला नाही. ती मनात आकडे मोजू लागली. सातावर असताना पलीकडून ठप्प असा आवाज झाला, आणि धुक्यातून चेंडू वर आला, उलट्या गिरक्या घेत, अंबरीशच्या उजव्या हाताला दहा पावलांवर. तिथे कोणी नव्हतं. तो तिथे गेला आणि डोक्यावर हात नेऊन त्याने तो झेलला.

 वृंदा चालायला लागली, मैदानाच्या कडेकडेने, खांबांच्या मागे. तिथे गवत होतं, पुढे चर, चरापलीकडे बांध. माणूस उभा असेल अशी जागा मोजून पंधरा पावलांची. तिने खाली पाहिलं. दवावर तिच्या स्वतःच्या पावलांची काळी रांग उमटली होती. दुसरी एकही खूण नव्हती.

दुसऱ्यांदा मारलेला चेंडू तिच्या डोक्यावरून गेला. ती गर्रकन वळली. तिला तो पडताना दिसला नाही. आणि ठप्प आवाज झाला तो तिच्या पाठीमागून, जिथून ती आत्ताच चालत आली होती तिथून. लगेच कोणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला, ओला, दोनदा. मग धाप.

ती पळत सुटली ती थेट अंबरीशपाशी येऊन थांबली. चेंडू त्याच्या हातात परत आला होता. त्याच्या बाहीला धरून तिने ते सांगून टाकलं, जे दहा महिने तिने देवापुढे सुद्धा उच्चारलं नव्हतं.

"तुला ताप होता त्या दिवशी. क्लबच्या जेवणाच्या दिवशी. मी हात लावून पाहिला होता. तू म्हणालास, जात नाही. मीच म्हटलं, तीनशे गोल झाल्याचा सत्कार आहे, बारा वर्षांत एकदा येतो असा दिवस. मी दोन गोळ्या दिल्या तुला. मार्टेनच्या शेजारी बसलास तू. पंधरा दिवसांत तो हॉस्पिटलात होता, अंबरीश. मी पाठवलं तुला."

अंबरीश दमला होता. छाती वरखाली होत होती. पण आवाज शांत होता.

"गोळ्या मी गिळल्या. तू नव्हत्या गिळल्यास. त्याने मला मिठी मारली तेव्हा मी बाजूला झालो नाही." त्याने खांबांकडे पाहिलं. "मी रोज इथे येतो ते हेच सांगायला. प्रत्येक किकच्या आधी सांगतो. तो काही बोलत नाही. चेंडू पाठवतो."

"त्याला सांगून काय?" वृंदा म्हणाली. "जिला सांगायला हवं ती त्या घरात बसलीये."

 अंबरीशने चेंडू काखेत घेतला.

*

आनेकेने दार उघडलं ते आधीच वाट पाहत असल्यासारखं. उंच, केस आखूड कापलेली बाई, अंगात मार्टेनचा जुना स्वेटर. ही दोघं दारापासून दोन पावलं मागे उभी राहिली.

"आज तिघं होतात तुम्ही," ती डचमधे म्हणाली. "मला वाटलं, आज तरी मला ओळख करून द्याल."

 अंबरीशने बुटांकडे बघत सगळं सांगितलं. ताप, गोळ्या, मिठी. त्याची डच एरवी सफाईदार होती, पण आज शब्द अडत होते. एका ठिकाणी वृंदानेच वाक्य पुरं केलं: "मी म्हटलं त्याला, जा."

आनेके दाराच्या चौकटीला टेकली. तिने रडायला किंवा रागवायला हवं होतं, असं वृंदाला वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"तो मंगळवारपासून खोकत होता," ती म्हणाली.

"कोण?"

"मार्टेन. जेवण शनिवारी होतं, नाही का? तो मंगळवारपासून खोकत होता. बसमध्ये आठवडाभर लोक खोकत होते. मी म्हटलं, घरी राहा. तो म्हणाला, अंबरीशचे तीनशे झालेत, मी नसलो तर त्याला कप कोण देणार? मग मीच त्याला खोकल्याचं औषध दिलं, आणि गाडी काढून सोडायला गेले." ती थांबली. "तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी रोज ठरवायचे, फोन करून सांगू की आमच्याकडून गेलं. मग तो वारला, आणि मला वाटलं, आता कशाला सांगायचं. म्हणून तर खिडकीतून बघत बसायचे. फोन केला तो जर्सीचं निमित्त करून."

रस्त्यावरचे दिवे लागले. कोणी कोणाला जवळ घेतलं नाही. नियमच तसा होता, आणि नसता तरी त्या घडीला ते जमलं नसतं.

तेवढ्यात मैदानाकडून आवाज आला. ठप्प. मग थोड्या वेळाने पुन्हा ठप्प.

वृंदाने अंबरीशकडे पाहिलं. चेंडू त्याच्या काखेत होता.

आनेकेने ते पाहिलं. पण ती आत गेली नाही. खुंटीवरचा कोट तिने स्वेटरवरच चढवला, पायांत रबरी बूट घातले. अंबरीश पुढे झाला तसं तिने हात आडवा केला. "नको. तू दहा महिने जाऊन आलास. मी त्या मैदानावर तो गेल्यापासून पाऊलही टाकलेलं नाही."

ती रस्ता ओलांडून फाटकातून आत गेली. सातव्या-आठव्या पावलाला दिसेनाशी झाली. ही दोघं तिच्या उघड्या दाराशी उभी राहिली. आतून घड्याळाची टिकटिक येत होती. मैदानाकडून आता काही ऐकू येत नव्हतं, ना पाऊल, ना चेंडू. अंबरीशने वृंदाचा हात धरला.  दहा मिनिटं गेली असतील, कदाचित वीस.

ती परत आली तेव्हा तिचे केस भिजलेले होते आणि कोटाची बटणं तुटल्यासारखी लोंबत होती. तिने बूट दारातच काढले.  ती अंबरीशला म्हणाली, "उद्या येऊ नकोस. डॉक्टरांनी पळू नको सांगितलंय ना? मग उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाला तरी पुढे उभं कर, आणि तू मागून चेंडू दे." आणि दार लावून घेतलं. डॉक्टरांचं तिला या दोघांनी सांगितलेलं नव्हतं.

*

विश्वास रात्री नऊच्या संचारबंदीच्या आधी पोचायचं म्हणून लवकर निघाला. वृंदाने त्याला सगळं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. अण्णांना मात्र जाताना त्याने वाकून, पायांना हात लावून नमस्कार केला. दीड मीटरचं त्याला भानच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला अंबरीश लॅपटॉप मिटून उठला. वृंदाने स्वयंपाकघरातून पाहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून त्याने एक बूट घातला, नाडी बांधली. दुसराही घातला. अण्णा सोफ्यावर होते. तो दाराच्या कडीला हात घालणार, एवढ्यात वृंदाच्या फोनवर आनेकेचा निरोप आला. तिने तो मोठ्याने वाचला.

"मी वर खिडकीत बसले आहे. धुकं उठलंय, बांधापर्यंत स्वच्छ दिसतंय. मैदानावर कोणी नाही."

अंबरीश पुन्हा पायरीवर बसला. नाड्या सोडायला त्याला फार वेळ लागला.

"खरंच कोणी नाही म्हणते?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

तेव्हा मार्टेन गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला, आणि अण्णा उठून त्याच्याशेजारी, त्या अरुंद पायरीवर, जेमतेम मावत बसले.